हमिंग, कॅननची पहिली पिन आणि छाटलेला अर्थ : एका नाट्यगृहाचं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावचं नगरपालिकेचं नाट्यगृह. बाल्कनी धरून सातशेच्या आसपास खुर्च्या. दौऱ्यावरची व्यावसायिक नाटकं अधूनमधून, बाकी गॅदरिंग, सत्कार, व्याख्यानमाला. नाव देत नाही. जे इथे घडलं ते थोड्याफार फरकाने पुष्कळ सभागृहांत आहे, आणि नाव आलं की गप्पा यंत्रणा सोडून नगरपालिकेवर घसरतात.

तक्रार साधी होती. मुख्य स्पीकरमधून सतत हमिंग. सत्कार-समारंभात पंखे, कुजबुज आणि लहान मुलं यांच्यात ते बुडून जायचं. नाटकात मात्र संवाद थांबला की बाल्कनीपर्यंत ऐकू यायचं. दृश्य बदलताना दिवे मंद होत गेले की त्या गुणगुणीवर एक करकरीत झणझणाट चढायचा. बाहेरून येणारे ध्वनिसंयोजक आल्या आल्या पहिला प्रश्न तोच विचारत.

उपाय आधीच पुष्कळ होऊन गेले होते. केबल बदलून झाल्या. पॉवर अॅम्प दुरुस्तीला गेला आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आला. जुना मिक्सर काढून निविदेतून नवा डिजिटल मिक्सर आणला, हमिंग जिथल्या तिथे. मग एका मांडववाल्याने डाव्या चॅनलच्या केबलचं शिल्ड, म्हणजे तारांभोवतीची धातूची जाळी, एका टोकाला कापलं. नाट्यगृहाच्या वायरमनने मिक्सरच्या प्लगची अर्थपिन छाटली. या शेवटच्या दोन्ही उपायांनी आवाज थोडा कमी झाला होता, आणि प्रकरण तिथेच चिघळलं. फरक पडला म्हटल्यावर ते उपाय उलटवायचा विचार कुणी केला नाही.

मांडणी

मिक्सर प्रेक्षागृहाच्या पाठीमागच्या केबिनमध्ये. त्याच्या शेजारी कॉर्डलेस माइकचे रिसीव्हर. तिथून मल्टिकोअर, म्हणजे अनेक सिग्नलच्या तारा एकत्र असलेली केबल, भिंतीतून आणि छताखालून फिरत विंगेतल्या रॅकपर्यंत जाते, अंतर साधारण ५० मीटर. रॅकमध्ये वर इक्वलायझर (आवाजातले खर्जाचे-तारेचे सूर कमीजास्त करणारं यंत्र), खाली पॉवर अॅम्प. केबिनचा वीजबोर्ड वेगळा, विंगेतला वेगळा. दोन्ही बोर्डांच्या अर्थच्या तारा आपापल्या वाटेने मुख्य पॅनेलपर्यंत जातात आणि तिथेच पहिल्यांदा एकमेकींना भेटतात. विंगेतच हाताच्या अंतरावर दिवे मंद करणारे डिमर आहेत.

अशा मांडणीत हमिंग येणं नवल नाही, पण येणं अपरिहार्यही नाही. याहून लांब केबल आणि याहून मोठे डिमर असलेली शांत नाट्यगृहं आहेत. मग इथे काय वेगळं होतं, हा प्रश्न.

रॅकच्या मागे

बहुतेक लोक रॅक समोरून बघतात. बटणं, दिवे, कंपनीचं नाव. मला मागची बाजू आधी बघायची सवय आहे. पाठीवरच्या कनेक्टरांवरून बनवणाऱ्याने कुठे खर्च केला आणि कुठे वाचवला ते बरंच कळतं.

या इक्वलायझरच्या पाठीवर उजवीकडे विजेचा तीन पिनांचा इनलेट. संगणकाच्या मागे असतो तोच, आयईसी ६०३२० मानकातला सी-१४, दहा अँपिअरचा. मधली अर्थपिन बाकीच्या दोघींपेक्षा थोडी लांब, म्हणजे वायर खोचताना अर्थ आधी जुळतो आणि उपसताना शेवटी सुटतो. आपल्या भिंतीवरच्या तीन पिनांच्या प्लगमध्येही अर्थची पिन लांब असते ती याच कारणाने.

डावीकडे ऑडिओचे कनेक्टर. आपल्या बाजारात ज्याला कॅनन म्हणतात तो एक्सएलआर, त्याच्या शेजारी पी-३८, म्हणजे पाव इंची जॅक. कॅनन हे लॉस एंजेलिसच्या कंपनीचं नाव. कनेक्टर आता अनेक कंपन्या बनवतात, नाव मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अजून तेच चालतं. पी-३८ चं घराणं त्याहून जुनं, एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्सचेंजचं. घरगुती उपकरणांच्या पाठीवरची आरसीए पिन १९३० च्या दशकातली, रेडिओ आणि फोनोग्राफ जोडायला काढलेली. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. आरसीएमध्ये मधला सिग्नलचा खिळा आधी टेकतो आणि बाहेरची कडी नंतर, म्हणून चालू अॅम्पमध्ये आरसीए खोचली की ‘भर्रर्र’ असा आवाज येतो. कॅननमध्ये उलटं आहे. पहिली पिन, म्हणजे शिल्डची, सगळ्यांत आधी जुळते, मग दुसरी आणि तिसरी. दुसरीवर सिग्नल, तिसरीवर तोच सिग्नल उलटा.

या उलट्या जोडीला बॅलन्स्ड लाइन म्हणतात. वाटेत बाहेरचा गोंगाट शिरला तर तो दोन्ही तारांवर सारखाच शिरतो. पलीकडचं उपकरण दोन तारांमधला फरक तेवढा घेतं, त्यामुळे सारखा शिरलेला गोंगाट वजा होतो. म्हणून आमच्या धंद्यात एक समज घट्ट बसला आहे, की बॅलन्स्ड लाइनला हमिंग येत नाही, आलंच तर केबल खराब असणार. या नाट्यगृहात केबलवर पैसे गेले ते या समजापायी.

समज अर्धा खरा आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनवरून आलेला गोंगाट वजा होतो. पहिल्या पिनवरून जे येतं त्याचं काय, हे केबलच्या हातात नसतं. ती पिन खोक्याच्या आत गेल्यावर कुठे जोडली आहे त्यावर सगळं ठरतं.

तपास

पहिली गोष्ट, आवाज कुठून शिरतो ते ठरवणं. मिक्सरचे सगळे फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकपट्ट्या, खाली, हमिंग कायम. म्हणजे माइक आणि माइकच्या केबल सुटल्या. अॅम्पच्या मागची कॅनन काढली, पूर्ण शांतता. अॅम्प सुटला. अॅम्प जोडून इक्वलायझरच्या इनपुटची कॅनन काढली, पुन्हा शांतता. इथे घाईचा माणूस म्हणेल की दोष मिक्सरमध्ये किंवा मल्टिकोअरमध्ये आहे. नवा मिक्सर अशाच घाईत विकत घेतला गेला होता.

पुढची चाचणी थोडी चलाखीची. एका कॅननमध्ये दुसरी आणि तिसरी पिन एकमेकींना जोडून टाकायच्या, मल्टिकोअरमधून येणाऱ्या सिग्नलच्या तारा तोडायच्या, आणि फक्त शिल्ड पहिल्या पिनला ठेवायचं. असा डमी प्लग इक्वलायझरला लावला. आता मिक्सरकडून सिग्नल म्हणून काहीही येऊ शकत नाही. तरी हमिंग आलं, आणि जवळजवळ तेवढंच आलं. गोंगाट सिग्नलच्या तारांतून येतच नव्हता. शिल्डमधून येत होता.

मग दोन्ही बोर्डांच्या अर्थमधला व्होल्टेज. लांब तार ओढून मल्टिमीटर एसीवर ठेवला. दिवे बंद असताना आकडा नगण्य. डिमर अर्ध्यावर आणले तेव्हा साधारण पाऊण व्होल्ट. अर्ध्यावर मुद्दाम आणायचे, कारण ट्रायकचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचचा, डिमर अर्ध्यावर असतो तेव्हा तो विजेची लहर ऐन शिखरावर असताना चालू करतो आणि सगळ्यांत तीक्ष्ण धक्का तिथे बसतो. तो झणझणाट याच धक्क्यांचा. डिमरच्या फिल्टरमधून, एअर कंडिशनरमधून, बाकी साधनांमधून थोडा थोडा करंट अर्थच्या तारेत गळत असतो, शेजारून जाणाऱ्या जाड तारांमुळे त्यात व्होल्टेज उपजतही असतं. दोन बोर्डांपर्यंतचे रस्ते वेगळे, म्हणून दोन टोकांना व्होल्टेज वेगळं. असा फरक कुठल्याही मोठ्या इमारतीत असतो.

मल्टिकोअरचं शिल्ड दोन्ही टोकांना उपकरणांच्या अर्थला जोडलेलं, म्हणून हा पाऊण व्होल्ट शिल्डमधून करंट ढकलतो. शिल्डचा रेझिस्टन्स सांध्यांसकट दीड ओहमच्या आसपास निघाला. म्हणजे ज्या तारेत काहीच वाहू नये असं आपण धरून चालतो, तिच्यात अर्धा अँपिअर.

हमर

हा अर्धा अँपिअर इक्वलायझरमध्ये शिरून पुढे कुठे जातो? ते बघायला एक फार स्वस्त हत्यार आहे. ध्वनिअभियंते जॉन विंड्ट यांनी १९९५ मध्ये ते मांडलं आणि त्याला हमर असं नाव दिलं. १२ व्होल्ट एसी देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, करंट मर्यादेत ठेवायला एक रेझिस्टर, करंट वाहतोय हे दिसायला एलईडी. एक टोक उपकरणाच्या उघड्या धातूला, दुसरं कॅननच्या पहिल्या पिनला. आता उपकरण चालू करून त्याचा आउटपुट ऐकायचा. उपकरण धड असेल तर काहीही ऐकू येत नाही, कारण पहिल्या पिनमधून आलेला करंट सरळ खोक्याच्या पत्र्यात जातो आणि तिथूनच परत फिरतो. धड नसेल तर स्वच्छ ५० हर्ट्झची गुणगुण येते.

पॉवर अॅम्पला हमर लावला, शांत. मिक्सरच्या आउटपुटच्या कॅननना लावला, शांत. इक्वलायझरला लावला आणि विंगेत उभ्या असलेल्या सगळ्यांनी वर पाहिलं.

झाकण उघडल्यावर कारण डोळ्यांना दिसलं. पाठीवरचे कॅनन प्लास्टिकच्या अंगाचे, थेट सर्किट बोर्डावर बसवलेले. पाठीच्या पत्र्याला त्यांचा स्पर्श होता तो फक्त दोन स्क्रूंचा, आणि ते स्क्रूही प्लास्टिकमधून गेलेले. पहिली पिन बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीला झाळलेली. ती पट्टी इनपुटच्या आयसींच्या बाजूने, त्यांचा संदर्भ-ग्राउंड (शून्य व्होल्ट धरायची जागा) म्हणून, बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला पॉवर सप्लायपर्यंत जाते, आणि तिथे एका स्क्रूने पत्र्याला मिळते. म्हणजे बाहेरून आलेला अर्धा अँपिअर घराबाहेर पडण्यासाठी सगळा बोर्ड ओलांडून जात होता. शेजारच्या लग्नाची वरात आपल्या माजघरातून नेण्याचा हा प्रकार.

आकडे मांडून बघू. दोन मिलिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटर लांब तांब्याच्या पट्टीचा रेझिस्टन्स साधारण दहा मिलिओहम. ऐकायला काहीच नाही. पण अर्धा अँपिअर गुणिले दहा मिलिओहम म्हणजे पाच मिलिव्होल्ट. व्यावसायिक उपकरणांची नेहमीची सिग्नल पातळी १.२३ व्होल्ट, हा गोंगाट तिच्या अडीचशेव्या भागाइतका. पुढे अॅम्प त्याला चाळीस पट वाढवतो, स्पीकरवर ०.२ व्होल्टपर्यंत पोचतं. त्यातला निम्मा वाटेत विरला असं धरलं तरी रिकाम्या नाट्यगृहात ते ऐकू येणारच. फरक घेणारं सर्किट इथे उपयोगी पडत नाही. गोंगाट त्याच्या पुढ्यात येत नाही, तो ज्या जमिनीवर ते सर्किट उभं आहे ती जमीनच हलवतो.

डावा चॅनल उजव्यापेक्षा शांत होता त्याचाही उलगडा झाला. मांडववाल्याने डाव्या केबलचं शिल्ड इक्वलायझरच्या टोकाला कापलं होतं, तिथून करंट येणंच बंद. पण त्याची किंमत वेगळी मोजली जात होती. व्यवस्थापक सांगत होते की मंत्र्यांच्या कार्यक्रमाला बंदोबस्तातल्या पोलिसांचं वॉकीटॉकी एका बाजूच्या स्पीकरमधून बोलू लागतं. ती बाजू डावी. एका टोकाला उघडं ठेवलेलं लांब शिल्ड कमी वारंवारतेला चालून जातं, रेडिओच्या वारंवारतेला ते अँटेनासारखं वागतं.

हा दोष नवा नाही

कॅनडात काम करणारे ध्वनितज्ज्ञ नील मन्सी यांनी जून १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात नेमका हा दोष सविस्तर मांडला. तेव्हापासून जगभरचे लोक त्याला ‘पिन वन प्रॉब्लेम’ म्हणतात. विंड्ट यांचा हमर त्याच अंकातला. त्याच सोसायटीने २००५ मध्ये एईएस-४८ हे मानक काढलं, त्याचा गाभा एका ओळीत सांगता येतो: केबलचं शिल्ड उपकरणात शिरतं तिथेच, शक्य तितक्या आखूड वाटेने, धातूच्या खोक्याला जोडा, सर्किटच्या ग्राउंडला त्या वाटेवर येऊ देऊ नका.

मग दोष अजून का सापडतो? पैसा. पूर्वी कॅनन पत्र्यावर स्क्रूने बसत आणि मागून एकेक तार हाताने झाळत. पहिल्या पिनची तार शेजारच्या पत्र्याला लावणं तेव्हा सहज होतं, तरी तेव्हाही चुका व्हायच्या. पुढे सगळे कनेक्टर बोर्डावरच बसू लागले. बोर्ड यंत्रातून झाळून निघतो, मागचा पत्रा त्यावर नुसता सरकवतात, हाताचं काम उरत नाही. पहिली पिन बोर्डावर आली की आराखडा काढणाऱ्याला ती ‘ग्राउंड’ दिसते आणि तो तिला जवळच्या ग्राउंडला जोडून मोकळा होतो. कारखान्यात तपासणीच्या टेबलावर हे उपकरण उत्तम चालतं. तिथे केबल मीटरभराची असते आणि दोन्ही उपकरणं एकाच वीजबोर्डावर.

रागवायचं झालं तर मी त्या आराखडेवाल्यावर रागावेन, वायरमनवर नाही.

छाटलेली पिन

वायरमनमामा विंगेत उभे होते. मिक्सरचा प्लग दाखवल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, ‘साहेब, ती मीच काढली. त्याशिवाय आवाज कमी होत नव्हता.’

खरं होतं. पिन छाटल्याने मिक्सरचा केबिनमधल्या बोर्डाशी थेट संबंध तुटला, शिल्डमधला करंट घटला, हमिंग उतरलं. पूर्ण गेलं नाही, कारण कॉर्डलेसच्या रिसीव्हरची तीन पिनांची वायर जागेवर होती आणि त्याच्या ऑडिओ केबलच्या शिल्डमधून मिक्सरला अर्थ मिळतच राहिला.

इथे जरा थांबून बघायला हवं की मिक्सरचं काय झालं होतं. आत विजेची फेज कधी पत्र्याला टेकली, तर फ्यूज किंवा एमसीबी उडवण्याइतका मोठा करंट अर्थच्या जाड तारेतून जायला हवा. आता ती तार नव्हती. मिक्सरचा पत्रा जमिनीला जोडला होता तो रिसीव्हरच्या केबलच्या केसाएवढ्या जाळीने आणि मल्टिकोअरच्या उजव्या शिल्डने. डावं शिल्ड आधीच कापलेलं. उद्या दुसऱ्या कुणी हमिंगसाठी उजवंही कापलं असतं आणि रिसीव्हर दुरुस्तीला गेला असता, तर मिक्सरला अर्थ उरलाच नसता. मिक्सरचा पत्रा प्रत्येक माइकच्या धातूच्या नळीपर्यंत शिल्डने पोचलेला असतो. तो माइक हातात धरणारा माणूस अनवाणी असू शकतो. नांदी म्हणणारे बहुतेक अनवाणीच असतात. मांडववाल्याने जे केलं ते स्वतंत्रपणे फार धोक्याचं नव्हतं. वायरमनने केलं ते होतं. दोघांचं मिळून जे झालं ते दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण दोघं वेगवेगळ्या वर्षी आले होते.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात नव्या प्लगने केली. मामांनी स्वतः बसवला. मिक्सरला अर्थ मिळाला आणि हमिंग पूर्वीपेक्षा वाढलं. व्यवस्थापकांचा चेहरा पडला, ‘अहो, हे काय?’ शिल्डच्या वाटेला आता कमी अडथळा होता, करंट वाढला, हे अपेक्षितच होतं. पण ते काम करण्याआधी त्यांना सांगून ठेवलेलं बरं असतं. नाहीतर रात्रीतून पिन पुन्हा छाटली जाते.

अर्थिंगच्या खड्ड्याचा फाटा

एका कंत्राटदाराने आधीच दरपत्रक दिलं होतं: साउंडसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा, तांब्याची प्लेट, मीठ-कोळसा, वेगळी तार थेट रॅकपर्यंत. ही कल्पना आपल्याकडे इतकी लोकप्रिय आहे की सभागृहांच्या अंदाजपत्रकात ती न विचारता येते. प्रस्ताव मंजुरीच्या वाटेवर होता.

त्याने हमिंग बहुधा वाढलंच असतं. वेगळा खड्डा म्हणजे जमिनीतला वेगळा बिंदू. मुख्य अर्थ आणि हा नवा अर्थ यांच्यातला व्होल्टेज फरक पाऊण व्होल्टवरून कुठे गेला असता सांगता येत नाही. शिवाय तो खड्डा मुख्य अर्थला जाड तारेने जोडला नाही तर धोका वेगळाच. फेज पत्र्याला टेकल्यावर करंटला मातीतून परतावं लागतं, आणि मातीचा रेझिस्टन्स दोन-चार ओहम जरी असला तरी मोठ्या क्षमतेचा एमसीबी लगेच उडेल याची खात्री नाही. ऑडिओला मातीशी काही देणंघेणं नसतं. विमानात खड्डा नसतो, तरी तिथले इंटरकॉम चालतात. उपकरणांना हवा असतो तो एकमेकांशी समान असा संदर्भ. माती लागते ती वीज कोसळण्यापासून आणि वीजपुरवठ्यातल्या दोषांपासून बचावासाठी, आणि त्यासाठी इमारतीचं असलेलं अर्थिंग परवानाधारक माणसाकडून मोजून घेणं पुरे. ते मोजून घेतलं. एक सांधा गंजलेला निघाला, तो बदलला. खड्ड्याचा प्रस्ताव मागे पडला.

दुरुस्ती

इक्वलायझरची वॉरंटी केव्हाच संपली होती, म्हणून उघडायला कुणाची हरकत नव्हती. प्रत्येक कॅननच्या पहिल्या पिनपाशी बोर्डावरची पट्टी धारदार पात्याने कापली. पिनपासून दोन-तीन सेंटिमीटरवर पाठीच्या पत्र्यावरचा रंग खरवडून उघडा धातू काढला. तिथे दातेरी वॉशर, नट-बोल्ट आणि टॅग, आणि पिनपासून टॅगपर्यंत जाड, आखूड तार. पत्र्यावरचा रंग न खरवडता बोल्ट आवळणं ही नेहमीची गफलत. पावडर कोटिंग उत्तम इन्सुलेटर असतं. सी-१४ इनलेटच्या अर्थची तारही त्याच पाठीच्या पत्र्याला घट्ट मिळाली आहे ना, तेही मीटरने पाहिलं. बोर्डाचं ग्राउंड पत्र्याला जिथे मिळत होतं तो एक स्क्रू तसाच ठेवला. तो हवा असतो.

पुन्हा हमर. इनपुट शांत, आउटपुट शांत. डाव्या केबलचं कापलेलं शिल्ड परत झाळलं. मग सगळं जोडून, मिक्सरला पूर्ण अर्थ, रिसीव्हर चालू, सगळे दिवे अर्ध्यावर. स्पीकरच्या जाळीला कान लावल्यावर अॅम्पची नेहमीची बारीक सरसर तेवढी ऐकू आली. शिल्डमध्ये करंट अजून वाहतोच आहे, क्लॅम्प मीटर तो दाखवतो. तो आता पत्र्यावरून जातो.

दुसरे मार्गही होते. इक्वलायझरच्या आधी चांगल्या प्रतीचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला असता तरी काम झालं असतं, पण चांगला ट्रान्सफॉर्मर महाग आणि स्वस्त ट्रान्सफॉर्मर खर्ज खातो. मिक्सर आणि रॅकला एकाच बोर्डावरून वीज देणारी वेगळी लाइन ओढावी, हा सगळ्यांत चांगला सल्ला. तो दिला आहे, नूतनीकरणाच्या यादीत गेला आहे.

लॅपटॉपची कथा थोडक्यात. पार्श्वसंगीतासाठी येणारे लॅपटॉप साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमधून मिक्सरला जोडले जातात, ती लाइन बॅलन्स्ड नसते. चार्जरला टू-पिन कन्व्हर्टर लावलेला असेल तर लॅपटॉपचं अंग अर्धवट व्होल्टेजवर तरंगतं, हात फिरवला की मुंग्या येतात, टेस्टर लुकलुकतो. तीन पिनांचा असेल तर पुन्हा अर्थची वाटोळी वाट तयार होते. दोन्ही वेळच्या गुणगुणीवर औषध एकच, ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स, म्हणजे साधा सिग्नल बॅलन्स्ड करून देणारं खोकं. त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. अर्थ उचलायचाच असेल तर तो इथे, सिग्नलच्या बाजूला उचलावा. विजेच्या प्लगला हात लावायचा नाही. केबिनमध्ये एक डीआय कायमचा साखळीने बांधून ठेवला आहे. साखळीने, कारण आधीचा कुठल्याशा नाटकाच्या ट्रकमधून पुढच्या गावी गेला.

निविदेतली ओळ

पुढच्या खरेदीसाठी तांत्रिक अटी लिहून द्या, असं व्यवस्थापक म्हणाले. मी लिहिलं: सर्व ऑडिओ कनेक्टरांचं शिल्ड एईएस-४८ नुसार थेट चॅसीला, म्हणजे धातूच्या खोक्याला, जोडलेलं असावं. लिपिकाने विचारलं, याला आयएसआय नंबर आहे का? त्याच्या जागी तो बरोबर होता. ज्या अटीची तपासणी करता येत नाही ती निविदेत निरर्थक असते. मग ओळ बदलली. आता तिथे मानकाच्या नावाशेजारी चाचणी लिहिली आहे: स्वीकारण्यापूर्वी प्रत्येक उपकरणाच्या पहिल्या पिनमधून चॅसीपर्यंत ५० हर्ट्झचा ५० मिलिअँपिअर करंट सोडला जाईल, आउटपुटला गुणगुण ऐकू आल्यास उपकरण परत. विक्रेत्यांपैकी एकाने अटीवर लेखी हरकत घेतली की अशी चाचणी ‘प्रचलित नाही’. हरकत फेटाळली गेली.

रंगमंचावरच्या मॉनिटर स्पीकरांचा प्रोसेसरही त्याच हमरने तपासला. तोही गुणगुणतो, पहिली पिन बोर्डावर. तो अजून वॉरंटीत आहे, उघडला तर वॉरंटी जाईल, म्हणून त्याच्या मागे सध्या ट्रान्सफॉर्मर लावून ठेवला आहे.